रात्रपाळीची नोंद : वृद्धांमधील डिलिरियम टिपण्याची पार्श्वभूमी

आजारी वृद्ध माणूस एकाएकी असंबद्ध बोलू लागला की सोलापुरात घरचे लोक ‘वात झाला’ म्हणतात. वैद्यकात यालाच डिलिरियम म्हणतात. नांगराचे तास सोडून भरकटणे, असा त्या लॅटिन शब्दाचा मूळ अर्थ आहे. तापातला रुग्ण अंथरुणाचे धागे उपटतो, हे वर्णन तर प्राचीन ग्रीक वैद्य हिप्पोक्रॅटिसच्या परंपरेतील ग्रंथांतही सापडते. यंत्रमागावर आयुष्य काढलेले आजोबा वॉर्डातल्या चादरीवर तुटलेला धागा सांधत बसतात, तेव्हा ते जुने वर्णन डोळ्यांपुढे उभे राहते.

लक्षण असे जुने असले, तरी त्याची शिस्तशीर नोंद अलीकडची आहे. 1980 मध्ये अमेरिकेतील मनोविकारांच्या वर्गीकरणात डिलिरियमचे निश्चित निकष आले आणि 1990 मध्ये डॉ. शॅरन इनौये व सहकाऱ्यांनी चार मुद्द्यांची तपासणी मांडली : अचानक सुरुवात व चढउतार, लक्ष न लागणे, विचारांतील विस्कळीतपणा आणि जागृतीच्या पातळीतील बदल. पहिले दोन मुद्दे आणि उरलेल्यांपैकी एक आढळला, तर डिलिरियम समजावा.

परंतु सकाळच्या राउंडला नीट उत्तरे देणारा रुग्ण मध्यरात्री सलाईनची नळी ओढू लागतो. हा चढउतार पाळीपाळीने पाहते ती सिस्टर, आणि म्हणूनच पुढच्या मोजपट्ट्या परिचारिकांच्या निरीक्षणावर उभ्या राहिल्या. 2003 मध्ये नेदरलँड्समधून प्रत्येक पाळीत भरायची निरीक्षण-पट्टी आली, तर 2005 मध्ये कॅनडातून पाचच मुद्द्यांची, प्रत्येकी 0 ते 2 गुणांची पट्टी आली. या पाचांत हालचाल व प्रतिसाद मंदावणे हाही एक मुद्दा आहे आणि माझ्या मते तोच सर्वांत मोलाचा आहे, कारण आरडाओरडा करणारा रुग्ण सर्वांना दिसतो, पण निमूट पडून राहिलेली आजी ‘शांत झोपली’ अशा शेऱ्याखाली दडून जाते.

सोलापुरात यात भाषेची भर पडते. घरी तेलुगू किंवा कन्नड बोलणाऱ्या आजींना मराठीत वार विचारला आणि उत्तर आले नाही, तर तो गोंधळ मनाचा की भाषेचा, हे आधी पाहावे लागते. ‘कालपर्यंत अशा होत्या का?’ हा प्रश्न उशाशी बसलेल्या सुनेलाच विचारावा लागतो आणि तिचे उत्तर वेळेसह कागदावर उतरावे लागते. ‘बडबड करतात’ या शेऱ्यातून पुढच्या पाळीला फारसे काही कळत नाही. ‘रात्री 2 वाजता चादरीवर धागा सांधत होते, नावाने हाक मारली तरी नजर वळली नाही, संध्याकाळपासून लघवी कमी’ असे लिहिले, तर डॉक्टरांना उन्हाळ्यात शरीरातील पाणी कमी झाले आहे का, जंतुसंसर्ग आहे का, की नव्याने सुरू केलेले औषध बाधले, हे त्याच रात्री तपासता येते.