एकाच संगणकावर अनेक फ्लाइट सिम्युलेटर

एकाच संगणकावर दोन किंवा अधिक फ्लाइट सिम्युलेटर (विमान उडवण्याचा आभास देणारे प्रोग्राम), तसेच त्यांना जोडलेल्या योक (विमानाचे सुकाणू), थ्रॉटल (इंजिनाची शक्ती कमीजास्त करणारा लीव्हर), रडर पेडल, स्विच पॅनेल अशा उपकरणांची सॉफ्टवेअरे एकमेकांच्या आड न येता चालवण्याची व्यवस्था. नवे सिम्युलेटर घेतले तरी जुने काढून टाकणे अनेकांना परवडत नाही. प्रीपार३डी या सिम्युलेटरची चौथी आवृत्ती २०१७ साली ६४-बिट झाली तेव्हा ३२-बिट काळातील कित्येक विमाने आणि गेज (कॉकपिटमधील मापक तबकड्या) मागेच राहिले; ते हवे असणाऱ्यांनी २००६ चे फ्लाइट सिम्युलेटर एक्स शेजारी ठेवले. आज २०२० आणि २०२४ ची मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर अशीच शेजारी नांदतात.

डिस्कवरील जागा हा यातला किरकोळ प्रश्न. प्रत्येक सिम्युलेटरला वेगळे फोल्डर दिले की काम झाले असे वाटते, पण टक्कर होते ती सामाईक ठिकाणी : रजिस्ट्री (विंडोजची सेटिंग साठवण्याची जागा), वापरकर्त्याचे अ‍ॅपडेटा फोल्डर (जेथे प्रोग्राम आपली सेटिंग ठेवतात), पोर्ट आणि खुद्द उपकरण. या बाबतीत एक्स-प्लेन हे सिम्युलेटर सर्वांत सरळ आहे. त्याचे प्लगइन (जोड-प्रोग्राम) व बहुतेक सेटिंग त्याच्याच फोल्डरात असतात, त्यामुळे पूर्ण फोल्डरची नक्कल केली की दुसरी स्वतंत्र प्रत तयार होते.

मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरांमध्ये उपकरणांची सॉफ्टवेअरे आपोआप सुरू करण्याचे काम ‘ईएक्सई.एक्सएमएल’ ही छोटी फाइल करते. २०२० व २०२४ साठी ती वेगवेगळ्या जागी असते. स्टीमवरून घेतलेल्या आणि मायक्रोसॉफ्ट स्टोअरवरून घेतलेल्या प्रतीसाठीही जागा बदलते. त्यामुळे एखाद्या इन्स्टॉलरने एकाच फाइलीत नोंद केली, तर तेच पॅनेल एका सिम्युलेटरमध्ये उजळते आणि दुसऱ्यात निर्जीव राहते. दुसरा धोका अधिक त्रासाचा : दोन इन्स्टॉलरांनी लिहिताना एखादा टॅग (नोंदीची सुरुवात-शेवट दाखवणारी खूण) अर्धवट राहिला, तर ज्यांची नोंद बिनचूक आहे तेही प्रोग्राम सुरू होत नाहीत. म्हणून काहीही नवे बसवण्याआधी या फाइलीची प्रत काढून ठेवावी. हा सर्वांत स्वस्त विमा आहे.

सिमकनेक्ट हा सिम्युलेटर व बाहेरचे प्रोग्राम यांमधला दुवा. फ्लाइट सिम्युलेटर एक्सच्या काळात त्याच्या मूळ, पहिल्या व दुसऱ्या सर्व्हिस पॅकच्या आवृत्त्या विंडोजमध्ये शेजारी-शेजारी राहतील अशीच रचना होती. ज्या आवृत्तीवर प्रोग्राम बेतलेला असेल ती त्याला लागते. तेथे जुनी आवृत्ती कचरा समजून काढणे चुकीचे.

एकच अक्ष (लीव्हर किंवा पेडलची एक हालचाल) दोन ठिकाणी नेमला जाणे ही नेहमीची तक्रार. नवे उपकरण दिसले की सिम्युलेटर स्वतःहून त्याला ठरावीक प्रोफाइल (नेमणुकांचा संच) देते; तोच थ्रॉटल एफएसयूआयपीसी किंवा स्पॅड.नेक्स्ट या उपकरणे जोडणाऱ्या बाहेरच्या प्रोग्राममध्येही नेमलेला असेल, तर दोन्हीकडून आज्ञा येतात आणि लीव्हर हातात स्थिर असताना पडद्यावर थरथरतो. यावर मधला मार्ग नाही : नेमणूक एकाच ठिकाणी ठेवायची आणि दुसरीकडे रिकामी प्रोफाइल द्यायची.

पोर्टचेही तसेच. आर्डुइनो या छोट्या सर्किट बोर्डवर बनवलेल्या पॅनेलचा सीरियल पोर्ट एका वेळी एकाच प्रोग्रामला उघडता येतो. अशी पॅनेल सिम्युलेटरला जोडणारा मोबीफ्लाइट हा प्रोग्राम चालू असताना दुसरा प्रोग्राम तो मागू लागला की त्याला नकार मिळतो. एक्स-प्लेन नेटवर्कवरील आज्ञा सहसा ४९००० क्रमांकाच्या यूडीपी पोर्टवर (हा नेटवर्कचा पोर्ट, केबलचा नव्हे) ऐकते, म्हणून त्याच्या दोन प्रती एकदम चालवताना तो आकडा तपासावा लागतो.

यूएसबी उपकरणाला स्वतःचा अनुक्रमांक नसेल तर विंडोज त्याची ओळख ते उपकरण कोणत्या यूएसबी पोर्टात आहे यावरून ठरवते. केबल दुसरीकडे खोचली की ते नवे उपकरण ठरू शकते आणि नेमणुका सुटतात. दोन सारखीच उपकरणे असतील तर अदलाबदलही होते. एफएसयूआयपीसीत जॉयस्टिकला क्रमांकाऐवजी अक्षर देता येते, त्यामुळे क्रमांक बदलला तरी नेमणूक टिकते. ही सोय पहिल्याच दिवशी चालू करावी आणि प्रत्येक केबलवर पोर्टचे नाव चिकटवावे.