एचपीव्हीची लस आणि २०१० चा तो निर्णय

एचपीव्ही हा विषाणू लैंगिक संबंधातून पसरतो आणि बहुतेकांच्या अंगातून दोनेक वर्षांत आपोआप निघून जातो हे आता बेळगाव, खानापूर, निपाणीकडं बऱ्याच जणींना माहितीय. ज्यांच्यात तो ठाण मांडून बसतो त्यांच्यातल्या काहींना पुढं १०-२० वर्षांनी गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर होतो, आणि मग मिरज-कोल्हापूरच्या फेऱ्या सुरू. यातल्या सुमारे ७० टक्के केसेसच्या मागं असलेले या विषाणूचे १६ आणि १८ नंबरचे प्रकार जर्मनीत १९८३-८४ मधे सापडले, लस २००६ ला आली आणि भारतात २००८ ला परवानगी मिळाली.

खरा गुंता त्यानंतरचा. आजही लसीचा विषय काढला की कुणीतरी म्हणतंच, "त्या लसीनं पोरी मेल्या होत्या की." हे आलंय कुठनं तर २००९ मधे आंध्र आणि गुजरातेत हजारो मुलींना प्रकल्प म्हणून लस दिली, त्यातल्या सात मुली नंतर वारल्या, गदारोळ झाला आणि एप्रिल २०१० ला सरकारनं काम बंद केलं. चौकशीत कुणी पाण्यात बुडालेली, कुणाला साप चावलेला, कुणी विष प्यालेली असं निघालं, लसीशी संबंध काही सापडला नाही. पण त्याच चौकशीत हेही निघालं की कितीतरी मुलींच्या संमतीपत्रावर आईबापांऐवजी हॉस्टेलच्या वॉर्डननं नाहीतर मुख्याध्यापकांनी सह्या केलेल्या, आणि २०१३ मधे संसदेच्या समितीनं यावर कडक ताशेरे ओढले. ते ओढायलाच पाहिजे होते. गरिबाच्या पोरीला सुई टोचायची आणि आईला विचारायचं नाही, ही चूक लहान नव्हतीच. फक्त ती चूक सह्यांची होती आणि लोकांच्या डोक्यात बसली ती लसीची म्हणून, त्यात आपली बरीच वर्षं गेली.

त्याच बंदीत बार्शी-पुण्यासकट देशात चालू असलेली दुसरी एक चाचणीही अडकली, तिच्यात दोन डोस पुरतात का तीनच लागतात हे बघायचं होतं. ती मधेच थांबल्यामुळं जवळपास ५ हजार मुलींना एकच डोस मिळाला, आणि १० वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवल्यावर २०२१ मधे दिसलं की एका डोसनंही १६ आणि १८ पासून जवळपास तेवढंच संरक्षण मिळतंय! आता जगभर एक डोस चालतो म्हणतात त्यामागं आपल्याकडच्याच या पोरी आहेत.

पुण्यात तयार झालेली लस २०२३ ला आली. ९ ते १४ वय सगळ्यात चांगलं. आमच्या भागात माझा आग्रह एकच, संमतीचा कागद कन्नडमधे आला तर येऊ दे पण ज्या घरात मराठी वाचतात तिथं मराठीतलाही द्या, नाहीतर आई न वाचताच अंगठा उठवणार आणि परत तेच होणार.

आयांसाठी लस उशिराची, आधी झालेला संसर्ग ती काढत नाही, कंडोमनंही धोका कमी होतो पण पूर्ण जात नाही. त्यांच्यासाठी तपासणी. धाराशिवच्या खेड्यांत सव्वा लाखावर बायकांवर झालेल्या अभ्यासात, एचपीव्हीची एकच टेस्ट केलेल्या गावांत या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्मे झाले, हे २००९ लाच छापून आलंय. सरकारी दवाखान्यात तिशीनंतर व्हिनेगरसारखं पातळ औषध पिशवीच्या तोंडाला लावून बघतात, मिनिटभर थांबायचं, पांढरा डाग उठला तर पुढची तपासणी. भूल नाही, टाके नाहीत, आणि पाच वर्षांतनं एकदा.