सव्वीस खंड आणि एक प्रूफरीडर : केनेडी हत्येच्या स्वतंत्र संशोधनाची पार्श्वभूमी

अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांच्या खुनाच्या कागदांवर माझ्यासोबत अकरा वर्षं काम केलेले आमचे ज्येष्ठ सहकारी गेल्या महिन्यात गेले. घरच्यांना नाव जाहीर व्हायला नकोय म्हणून लिहीत नाही, ओळखणाऱ्यांना कळेलच. ते गेल्यापासून बऱ्याच जणांनी विचारलं की ते नक्की करायचे काय, खून १९६३ सालचा, चौकश्या होऊन गेल्या, रिपोर्ट आले, मग एक रिटायर झालेला प्रूफरीडर रोज सकाळी उठून कसले कागद बघत होता. एका वाक्यात नाही सांगता येत. त्यासाठी साठेक वर्षं मागे जावं लागतं, म्हणून हे लिहितोय.

घटना सगळ्यांना माहितीये त्यामुळे थोडक्यात. शुक्रवार २२ नोव्हेंबर १९६३, दुपारचे साडेबारा, डॅलसच्या डीली प्लाझातून अध्यक्षांची उघडी गाडी चाललेली असताना गोळ्या झाडल्या गेल्या, एक वाजता पार्कलंड हॉस्पिटलमध्ये केनेडींना मृत घोषित केलं, त्याच दुपारी ली हार्वी ऑस्वाल्ड पकडला गेला आणि रविवारी पोलिसांच्या इमारतीच्या तळघरात, टीव्हीचे कॅमेरे चालू असताना, जॅक रुबीने त्याला गोळी घातली. पुढचं सगळं यातूनच आलंय, कारण आरोपीच मेला म्हणजे खटला नाही, आणि खटला नाही म्हणजे उलटतपासणी नाही, साक्षीदाराला कोणी विचारलंच नाही की बाबा तू त्या दिवशी पोलिसांना वेगळं सांगितलं होतंस ते का. त्याऐवजी सरन्यायाधीश वॉरन यांच्या अध्यक्षतेखाली सरकारी चौकशी आयोग, म्हणजे वॉरन कमिशन, बसलं आणि २४ सप्टेंबर १९६४ ला ८८८ पानांचा रिपोर्ट अध्यक्ष जॉन्सन यांच्या हातात पडला, ऑस्वाल्डने एकट्याने केलं म्हणून.

रिपोर्ट खूप जणांनी वाचला. पण दोन महिन्यांनी त्याच्या मागचे २६ खंड बाहेर आले ते फार थोड्यांनी वाचले, आणि माझ्या मते स्वतंत्र संशोधनाची खरी सुरुवात तिथे आहे. साक्षी, फोटो, एफबीआयच्या नोंदी, नकाशे, सगळं त्यात ओतलेलं होतं, पण विषयवार सूची नव्हती. साक्षीदारांच्या नावांची यादी होती, पण समजा तुम्हाला बघायचंय की रायफलच्या दुर्बिणीबद्दल कोण कोण काय बोललं, तर बसा पान न पान उलटत. सिल्व्हिया मेयर नावाच्या बाई न्यूयॉर्कला जागतिक आरोग्य संघटनेत नोकरीला होत्या, दिवसभर ऑफिस आणि बाकीचा वेळ हे खंड, असं करत त्यांनी एकटीने सगळ्याची विषयवार सूची बनवली, १९६६ साली ती छापून आली. जे काम सरकारने करून द्यायला हवं होतं ते एका नोकरदार बाईने केलं. त्यानंतर ज्यांनी ज्यांनी या विषयाला हात घातला, कमिशनच्या बाजूचे असोत की विरोधातले, त्यांचं काम त्या सूचीमुळे सोपं झालं. आमच्या सहकाऱ्यांच्या टेबलावर ती कायम असायची, पुठ्ठ्याचं कव्हर निघालेली आणि कडेने पिवळी पडलेली.

त्या काळात अशी माणसं इकडे तिकडे विखुरलेली होती. फिलाडेल्फियाचे वकील व्हिन्सेंट सालांड्रिया होते. डॅलसजवळच्या मिडलोथियनमध्ये पेन जोन्स एक छोटं साप्ताहिक चालवायचे, दरवर्षी २२ नोव्हेंबरला साडेबाराला डीली प्लाझात शांत उभं राहायची पद्धत त्यांनी सुरू केली. डॅलसमध्येच मेरी फेरेल, वकिलाच्या ऑफिसात सेक्रेटरी, त्यांनी घटनेच्या दिवसापासून पेपर जमवायला घेतले आणि पुढे नावांची कार्डं बनवत गेल्या, ती ४० हजारांच्या घरात पोचली. एक पत्रकार सोडला तर यातलं पेशाने तपास करणारं कोणी नव्हतं. एकमेकांना पत्रं लिहायचे, फोटोकॉपी पाठवायचे, भांडायचेही भरपूर, विशेषतः न्यू ऑर्लिन्सचे सरकारी वकील जिम गॅरिसन यांनी तिथल्याच व्यावसायिक क्ले शॉ यांच्यावर खुनाच्या कटाचा खटला भरला तेव्हा सरळ दोन तट पडले, मेयर गॅरिसनच्या ठाम विरोधात होत्या, १९६९ साली शॉ निर्दोष सुटले आणि त्यानंतर काही मैत्र्या पुन्हा जुळल्याच नाहीत.

इथे एक गोष्ट सांगतो जी आमचे सहकारी नव्या माणसाला हमखास सांगायचे. एब्राहम झप्रूडर यांनी काढलेली ती २६ सेकंदांची फिल्म, तिच्या फ्रेम्स १८ व्या खंडात छापल्यात. डोक्याला गोळी लागते ती ३१३ नंबरची फ्रेम. त्याच्यानंतरच्या ३१४ आणि ३१५ या दोन फ्रेम्स खंडात उलट्या क्रमाने छापल्या गेल्या, आणि त्यामुळे डोकं कुठल्या दिशेने गेलं याचा समजच बदलतो. वाचणाऱ्यांनी हे पकडलं, विचारणा केली, तेव्हा १९६५ च्या डिसेंबरात एफबीआयचे प्रमुख हूवर यांनी पत्र पाठवून छपाईतली चूक म्हणून मान्य केलं. सहकाऱ्यांचं मत होतं की चूक खरोखर छापखान्यातलीच असणार, आयुष्यभर त्यांनी असल्याच चुका पकडलेल्या. पण ते म्हणायचे मुद्दा तो नाहीच, मुद्दा हा की कोणीतरी भिंग घेऊन फ्रेम न फ्रेम बघत बसलं होतं.

कागद बाहेर काढायचं श्रेय सगळ्यात जास्त हॅरॉल्ड वाइसबर्ग यांना. पूर्वी सिनेटच्या एका समितीत तपासनीस होते, नंतर मेरीलंडमध्ये कोंबड्या पाळायचे, पहिलं पुस्तक कोणी छापेना म्हणून स्वतःच छापलं. अमेरिकेत माहितीच्या अधिकाराचा कायदा १९६६ ला मंजूर झाला आणि त्यांनी गोळ्यांच्या तुकड्यांच्या स्पेक्ट्रोग्राफिक तपासणीचे (धातूत काय काय आहे ते बघायची तपासणी) निकाल मागितले. सरकारने नकार दिला, ते कोर्टात गेले, १९७३ ला हरले. पण पुढच्याच वर्षी काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, तो कायदा दुरुस्त केला, अध्यक्ष फोर्ड यांचा व्हेटो मोडून, आणि ज्या निकालांमुळे दुरुस्ती करावी लागली त्यात वाइसबर्ग यांची केस होती. म्हणजे आज अमेरिकेत कोणी तपासयंत्रणेकडे कागद मागतं तेव्हा त्यात या माणसाचा वाटा आहे. मिळालेले लाखांवर कागद त्यांनी घराच्या तळघरात ठेवले आणि जो येईल त्याला बघू दिले, मतं पटोत न पटोत. ही उदारता मला फार मोठी वाटते कारण या विषयात लोक एक एक पान छातीशी धरून बसतात.

१९७५ हे साल वेगळं. मार्चमध्ये झप्रूडर फिल्म पहिल्यांदा अख्ख्या देशाने टीव्हीवर बघितली, आणि सिनेटर चर्च यांच्या समितीच्या (चर्च समिती, गुप्तचर यंत्रणांची चौकशी करणारी) तपासात पुढे आलं की सीआयए कॅस्ट्रोंना मारायचे प्लॅन करत होती आणि हे वॉरन कमिशनला सांगितलंच नव्हतं. यातून अमेरिकी संसदेच्या प्रतिनिधीगृहाची नवी समिती बसली, तिने १९७९ ला म्हटलं की खुनामागे बहुधा कट होता, आणि त्याचा मोठा आधार होता पोलिसांच्या रेडिओचं एक रेकॉर्डिंग, ज्यात चार गोळ्यांचे आवाज आहेत असं तज्ज्ञांचं म्हणणं. आमच्या लोकांना केवढा आनंद झाला असेल. आणि मग ओहायोतल्या एका ड्रमरने, त्याला एका मासिकासोबत त्या रेकॉर्डिंगची पातळ प्लॅस्टिकची तबकडी मिळाली होती, ती पुन्हा पुन्हा ऐकली आणि त्याच्या लक्षात आलं की ज्या जागी गोळ्या म्हणतायत तिथेच मागे शेरीफचा आवाज पुसट ऐकू येतोय, आणि ते वाक्य तर शेरीफ गोळीबार झाल्यावर मिनिटभराने बोलले होते. नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेसच्या समितीने १९८२ ला ते तपासून उचलून धरलं. त्यावर नंतरही वाद झालेत, पण बघा, कटाचा सगळ्यात मोठा पुरावा हलवला तो एका हौशी माणसाच्या कानाने. आमचे सहकारी स्वतः कट मानणाऱ्यांकडे झुकलेले होते, तरी हा किस्सा ते अभिमानाने सांगायचे, आपल्यातलाच माणूस म्हणून.

आता त्यांच्या कामाकडे येतो. प्रतिनिधीगृहाच्या त्या समितीचे कागद २०२९ पर्यंत बंद राहणार होते. १९९१ च्या एका सिनेमाच्या शेवटी हे लोकांना कळलं, ओरड झाली, आणि ऑक्टोबर १९९२ ला खास केनेडी कागदपत्रांचा कायदा झाला. १९९४ ते १९९८ एका मंडळाने कागद गोळा केले, तपासले, मोकळे केले, आज नॅशनल आर्काइव्ह्जच्या, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी अभिलेखागाराच्या, कॉलेज पार्कच्या इमारतीत ५० लाखांहून जास्त पानं आहेत. प्रत्येक कागदाला एक नंबर, तीन आकडे मग पाच मग पाच. सुरुवातीला १०४ असेल तर सीआयए, १२४ एफबीआय, १५७ चर्च समिती, १८० प्रतिनिधीगृह समिती. आमच्यात बोलताना "एकशेचारवाला बघितलास का" एवढंच पुरायचं.

कायद्याने सगळं २६ ऑक्टोबर २०१७ पर्यंत खुलं व्हायचं होतं, झालं नाही, हप्त्याहप्त्याने आलं, २०१७, १८, २१, २२, २३ आणि मग मार्च २०२५. आणि प्रत्येक हप्त्यात नवीन कागद थोडे, तेच जुने कागद जास्त, फक्त मजकूर झाकणाऱ्या काळ्या पट्ट्या कमी केलेले. म्हणजे काय नवीन उघडलंय हे कळायला जुनी प्रत आणि नवी प्रत शेजारी ठेवून ओळ न ओळ जुळवावी लागते. हे काम कोणाला नको असतं. त्यांना हवं होतं. छापखान्यात दोघं बसून प्रूफ तपासायचे तसं आम्ही फोनवर करायचो, मी जुनी प्रत मोठ्याने वाचायचो, अगदी कॉमा, फुलस्टॉप, नवा पॅरा, कंसातलं सगळं बोलून, आणि ते नव्या प्रतीवर लाकडी पट्टी ओळीखाली सरकवत यायचे. पट्टीचा आवाज फोनवर ऐकू यायचा. पट्टी थांबली की मला कळायचं काहीतरी उघडलंय. बहुतेक वेळा ते सीआयएच्या एखाद्या स्टेशनचं, म्हणजे परदेशातल्या ऑफिसचं, ठिकाण निघायचं किंवा कोणा ऑफिसरचं नाव, पण ऑस्वाल्ड १९६३ च्या सप्टेंबरअखेर मेक्सिको सिटीत होता तेव्हाचे कागद वाचताना अशा एका नावाने दहा दुसरे कागद समजायला लागतात. सीआयएच्या सांकेतिक नावांची त्यांची वेगळी वही होती, एलआय ने सुरू होणारी मेक्सिकोची, एएम ने सुरू होणारी क्युबाची, प्रत्येकासमोर कुठल्या कागदावरून कळलं तो नंबर, आणि खात्री नसेल तर पेन्सिलने.

पेन्सिलची सवय आर्काइव्ह्जच्या रीडिंग रूममधली, तिथे पेन चालतच नाही, टेबलावर एका वेळी एकच खोका आणि खोक्यातून एकच फोल्डर. २०१८ मध्ये एका सांकेतिक नावामागचा माणूस त्यांनी ओळखला म्हणून सगळ्यांना कळवलं, चार वर्षांनी नव्या प्रतीत काळी पट्टी निघाली आणि माणूस दुसराच निघाला. त्यांनी ज्या ज्या लोकांना आधी कळवलं होतं त्या प्रत्येकाला वेगळं पत्र लिहून चूक सांगितली, मी म्हटलं एकच मेल टाका सगळ्यांना, ऐकलं नाही. वहीत ती नोंद त्यांनी खोडलेली नाहीये, शेजारी तारीख घालून चूक असं लिहिलंय.

खून कोणी केला असं विचारलं की मला ठरवता आलेलं नाही एवढंच म्हणायचे, आणि मला माहितीये त्यांना त्याचा त्रास व्हायचा.

मेयर १९८९ ला गेल्या, जोन्स १९९८, वाइसबर्ग २००२, फेरेल २००४, सालांड्रिया २०२०. मेयर आणि वाइसबर्ग यांचे कागद मेरीलंडच्या हूड कॉलेजात सांभाळलेत, फेरेल यांच्या नावाच्या संस्थेने दहा लाखांवर पानं इंटरनेटवर आणलीत. बाकी किती जणांचं घर रिकामं करताना काय काय गेलं असेल, विचार केला की पोटात कालवतं, कारण कागद आर्काइव्ह्जमध्ये परत मिळतील पण कुठला कागद कशाशी जुळतो हे ज्या वहीत होतं ती नाही मिळणार.

त्यांच्या वह्या अकरा आहेत, त्यांच्या मिसेसनी सगळ्या माझ्याकडे दिल्या. तीन स्कॅन झाल्यात. पेन्सिलच्या नोंदी स्कॅनमध्ये उठत नाहीत म्हणून त्या मी हाताने वेगळ्या उतरवून घेतोय, आणि वाचून दाखवायला एक जण हवा आहे, आठवड्यातून दोन संध्याकाळी, फोनवर.