प्राध्यापकांचे शिक्षणगट आणि जनरेटिव्ह एआय

कॉलेजात शिकवणारे आठ-दहा जण वर्षभर ठरलेल्या वारी एकत्र बसतात आणि जनरेटिव्ह एआय, म्हणजे सांगितलं की मजकूर लिहून देणारी चॅटजीपीटीसारखी टूल्स, वर्गात वापरायची का, वापरायची तर कशी, हे एकमेकांकडून शिकतात. अमेरिकेत अशा गटाला ‘फॅकल्टी लर्निंग कम्युनिटी’ म्हणतात. मराठीत ‘अभ्यासमंडळ’ म्हणावं तर सिलॅबस ठरवणारं विद्यापीठातलं मंडळच डोळ्यासमोर येतं, म्हणून इथे नुसतं ‘गट’.

उगमाबद्दल दोन मतं आहेत. काहीजण मूळ पार १९२७ पर्यंत नेतात, अलेक्झांडर मायकलजॉन यांनी विस्कॉन्सिन विद्यापीठात काढलेल्या एक्सपेरिमेंटल कॉलेजपर्यंत, जे १९३२ मध्ये बंदही पडलं. पण तो खटाटोप विद्यार्थ्यांसाठी होता, शिकवणाऱ्यांनी आपसात शिकावं हा त्याचा मुख्य हेतू नव्हता, त्यामुळे नातं जरा लांबचंच वाटतं. आजचा साचा साधारण १९७९ च्या सुमारास मायामी विद्यापीठात सुरू झाला (हे ओहायोतलं, फ्लोरिडातलं नव्हे, घोळ होतोच), पैसा लिली एंडोमेंट या देणगी देणाऱ्या संस्थेचा आणि घडण तिथल्याच मिल्टन कॉक्स यांची, हे मत जास्त पटतं. कॉक्स यांच्या व्याख्येत ६ ते १५ जण चालतात, ८ ते १२ बरे, विषय मात्र वेगवेगळे हवेत. लेव्ह आणि वेंगर यांची १९९१ ची ‘कम्युनिटी ऑफ प्रॅक्टिस’ (एकच काम करणारे एकमेकांत वावरत शिकतात) ही कल्पना याला नंतर जोडली गेली, उगम म्हणून ती धरू नये.

३० नोव्हेंबर २०२२ ला चॅटजीपीटी आलं आणि कॉपी पकडायची कशी हाच आधी सगळ्यांच्या डोक्याला ताप झाला. ओपनएआयने २०२३ च्या जानेवारीत मजकूर एआयने लिहिलाय का ते ओळखणारा स्वतःचा डिटेक्टर काढला आणि अचूकता कमी म्हणून जुलैत मागेही घेतला. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांना दिसलं की इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी स्वतः लिहिलेले टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेचे निम्म्याहून जास्त निबंध असे डिटेक्टर एआयच्या नावावर टाकतात. मग पकडापकडी सोडून असाइनमेंटच बदलण्याकडे गाडी वळणं साहजिक होतं.

गटात उपयोगी पडणारा एक साधा प्रयोग असा: प्रत्येकाने आपलीच असाइनमेंट टूलला द्यायची, आलेलं उत्तर शेजारच्या विषयवाल्याकडून तपासून घ्यायचं. शेजारी म्हणतो छान लिहिलंय, दहापैकी आठ, आणि असाइनमेंट ज्यांची त्या इतिहासवाल्या बाई संदर्भ शोधायला बसल्या की त्यातलं एखादं पुस्तक कधी छापलेलंच नसतं. वेगवेगळे विषय का हवेत ते इथे कळतं, एकाच डिपार्टमेंटची माणसं असती तर चूक लगेच दिसली असती आणि उत्तर बाहेरच्याला किती खरं वाटतं ते कळलंच नसतं.

आपल्याकडे याच्या जवळपास जाणारा म्हणजे प्राध्यापकांसाठीचा रिफ्रेशर कोर्स. तो घेणाऱ्या केंद्रांची पाटी अकॅडमिक स्टाफ कॉलेज, मग एचआरडीसी (ह्यूमन रिसोर्स डेव्हलपमेंट सेंटर), २०२३ पासून मालवीय मिशन अशी बदलत आली, पण तिथे बोलणारा एक, ऐकणारे बाकीचे, आणि डोळा प्रमोशनला लागणाऱ्या सर्टिफिकेटवर, म्हणून तो या नोंदीत बसत नाही.