कवळीला टूथपेस्ट नको

‘कवळी म्हणजे दातच, मग पेस्टनेच घासायची’ हे गिरगाव-लालबागच्या घराघरांत वर्षानुवर्षं ऐकू येतं. ते चूक आहे. कवळी बहुतेक वेळा अ‍ॅक्रिलिकची असते, दातांवरच्या इनॅमलपेक्षा बरीच मऊ. पेस्टमधल्या खरखरीत कणांनी तिच्यावर बारीक चरे पडतात आणि नेमकी त्या चऱ्यांत बुरशी घर करते. माझ्या आजीची कवळी टाळूकडून अशीच खरबरीत झाली होती; टाळू कायम लालभडक. मशेरी तर त्याहून वाईट!

सौम्य साबण, मऊ ब्रश पुरे. धुताना बेसिनमध्ये पाणी भरून ठेवा, म्हणजे हातातून निसटली तरी फुटण्याची भीती कमी. उकळतं पाणी नको, आकार बिघडतो. रात्री काढून साध्या पाण्यात बुडवून ठेवा. हिरड्यांनाही विश्रांती मिळते.