मिनी पीसी राऊटर

मिनी पीसी राऊटर : कार्यालयांतून काही वर्षांच्या वापरानंतर बाहेर पडलेला छोटा डेस्कटॉप किंवा थिन क्लायंट (सर्व्हरवरचे काम नुसते पडद्यावर दाखवणारा छोटा संगणक) घरच्या इंटरनेट जोडणीवर राऊटर व फायरवॉल (नको ती ये-जा अडवणारी भिंत) म्हणून बसवण्याची पद्धत. त्यावर पीएफसेन्स, ओपीएनसेन्स यांसारखी फ्रीबीएसडी या युनिक्ससारख्या मुक्त प्रणालीवर आधारलेली किंवा ओपनडब्ल्यूआरटीसारखी लिनक्सची प्रणाली चालवतात. मोनोवॉल या जुन्या प्रकल्पातून २००४ मध्ये पीएफसेन्सची शाखा फुटली आणि पीएफसेन्समधून २०१५ मध्ये ओपीएनसेन्स निघाले. त्यामुळे या दोघांचे हार्डवेअरचे नखरे बरेचसे सारखे आहेत.

निवड करताना बहुतेकांची नजर आधी प्रोसेसरवर जाते. खरे तर शेवटी विचारायचा प्रश्न तो आहे. एक गिगाबिटची साधी जोडणी दहा वर्षांपूर्वीचा आय३सुद्धा आरामात पेलतो. गाडी अडते ती नेटवर्क पोर्टवर. राऊटरला किमान दोन पोर्ट लागतात, एक बाहेरच्या जोडणीला व एक घरच्या जाळ्याला, आणि कार्यालयीन मिनी पीसीला एकच असतो. म्हणून डबा घेण्याआधी दुसरा पोर्ट कुठून येणार हे ठरलेले असावे.

सर्वांत चांगला मार्ग म्हणजे आत पीसीआय-एक्स्प्रेस खाच (जादा कार्ड लावण्याची जागा) असलेले मॉडेल. लेनोवो थिंकसेंटर एम७२०क्यू आणि एम९२०क्यू यांत रायझर पट्टी (कार्ड आडवे बसवणारा जोडतुकडा) बसवून अर्ध्या उंचीचे कार्ड लावता येते. रायझर बहुधा डब्यासोबत मिळत नाही, वेगळा घ्यावा लागतो. शिवाय तो २.५ इंची ड्राइव्हची जागा खातो, म्हणून डिस्क एम.२ प्रकारचीच (मदरबोर्डवर थेट बसणारी छोटी पट्टी) हवी. एचपी टी६२० प्लस, टी७३० आणि डेल वाइज ५०७० एक्स्टेंडेड या थिन क्लायंटमध्ये खाच तयारच असते. नावातले ‘प्लस’ आणि ‘एक्स्टेंडेड’ हे शब्द मात्र जाहिरातीत नीट वाचावेत. साध्या टी६२० किंवा साध्या ५०७० मध्ये ती खाच नसते आणि फोटोत फरक चटकन लक्षात येत नाही.

नेटवर्क कार्डासाठी सर्व्हरमधून काढलेले इंटेल आय३५०-टी२ किंवा टी४ (दोन किंवा चार पोर्टांचे) हा खात्रीचा पर्याय. याच्या नकला बाजारात भरपूर आहेत. अगदी कोरे, चकचकीत आणि भलतेच स्वस्त कार्ड दिसले तर संशय घ्यावा. एखाद्या सर्व्हर कंपनीचे लेबल असलेले वापरलेले कार्ड त्यापेक्षा भरवशाचे. रिअलटेकच्या चिपवर फ्रीबीएसडीचा मूळ ड्रायव्हर ताण आला की कधीकधी गळपटतो आणि पोर्ट मधेच बंद-चालू होतो. त्यावर निर्मात्याचा ड्रायव्हर प्लगइन म्हणून घालता येतो. लिनक्सवर ही तक्रार बरीच कमी. २.५ गिगाबिटच्या इंटेल आय२२५-व्ही चिपच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत जोडणी तुटण्याचा दोष होता. बी३ आवृत्ती किंवा आय२२६ घ्यावी.

खाच नसेल तर वाय-फाय कार्डाच्या एम.२ जागेत बसणारे पोर्ट-कार्ड लावता येते. यूएसबी-इथरनेट अडॅप्टर मात्र टाळलेला बरा. चाचणीत तो चालतो आणि आठवड्याभराने रात्री दगा देतो. याहून चांगली तोड म्हणजे व्हीलॅन (एकाच तारेवर वेगवेगळी जाळी चालवण्याची सोय) समजणारा स्विच : एकाच तारेवर बाहेरची जोडणी व्हीलॅन १० आणि घरचे जाळे व्हीलॅन २० असे वेगळे चालवायचे. गिगाबिट तार दोन्ही दिशांना एकाच वेळी पूर्ण वेग देते, म्हणून नुसत्या डाउनलोडला काही कमी पडत नाही. अपलोड व डाउनलोड दोन्ही जोरात असतील तेव्हाच वेग वाटला जातो.

आता प्रोसेसर. जोडणी पीपीपीओईची (नाव व पासवर्ड देऊन सुरू होणारी) असेल तर फ्रीबीएसडीवर आत येणारी सगळी पाकिटे (माहितीचे तुकडे) एकाच कोरवर पडतात. अशा ठिकाणी चार मंद कोरांपेक्षा दोन वेगवान कोर उपयोगी. चार कोरांचा जुना सेलेरॉन इथे हमखास धापा टाकतो. ओपनव्हीपीएन किंवा आयपीसेक ही व्हीपीएनची (सांकेतिक खासगी जोडणीची) साधने चालवायची असतील तर प्रोसेसरमध्ये एईएस-एनआय (एईएस सांकेतिकीकरण वेगाने करणारी सोय) असावे. सेलेरॉन जे१९०० मध्ये ते नाही. वायरगार्ड या दुसऱ्या व्हीपीएनची सांकेतिक पद्धत वेगळी असल्याने त्याला याची गरज लागत नाही. रॅम ४ जीबी पुरते, घुसखोरी तपासणारे सुरिकाटा लावायचे असेल तर ८ जीबी. डिस्क १६ जीबीची असली तरी चालते.

हे यंत्र वर्षभर चालू राहते, तेव्हा विजेचा हिशेब आधीच करावा. सतत १५ वॅट खाणारा डबा वर्षाला सुमारे १३१ युनिट खातो. जुना मोठा डेस्कटॉप फुकट मिळाला तरी ५० वॅटने तो ४३८ युनिट खाईल.

डबा हातात आला की आधी बायोस (यंत्र सुरू होतानाच्या मूळ सेटिंगचा पडदा) उघडावे. पासवर्ड लावलेला असेल तर परत करणे हेच शहाणपण. मूळ अडॅप्टर सोबत आहे ना, तेही पाहावे. डेलच्या मिनी पीसीला अडॅप्टर ओळखता आला नाही तर चालू होताना इशारा दाखवून ते वेग उतरवतात आणि कळ दाबण्याची वाट पाहत बसतात. ज्या राऊटरला पडदाच जोडलेला नाही तिथे हे भारी पडते. वीज परत आल्यावर आपोआप चालू होण्याची सेटिंग लावावी. घड्याळाची सीआर२०३२ बॅटरी बदलावी, नाहीतर ती मेल्यावर हीच सेटिंग पुसली जाऊ शकते. पंख्यातली धूळ काढून थर्मल पेस्ट नवी लावावी आणि रात्रभर मेमटेस्ट हा रॅम तपासणारा प्रोग्राम चालवावा. कार्यालयीन यंत्रांत इंटेल एएमटी ही दूरनियंत्रणाची सोय आधीच्या मालकाने चालू ठेवलेली असू शकते. ती १६९९२ व त्यापुढच्या पोर्टवर, फायरवॉलच्याही खाली, ऐकत असते. ती पूर्ववत करून बंद करावी आणि इंटरनेटची तार मदरबोर्डच्या पोर्टला न लावता वेगळ्या कार्डाला लावावी.

प्रणाली बसवताना फाइलसिस्टिम झेडएफएस निवडावी. अचानक वीज गेल्यावर यूएफएसपेक्षा ती सहज सावरते. पीएफसेन्स व ओपीएनसेन्स दोन्हींचा मूळ पत्ता १९२.१६८.१.१ असतो आणि पुष्कळ मोडेमचाही तोच. टक्कर टाळण्यासाठी घरचे जाळे १९२.१६८.१०.१ वर न्यावे. मोडेम ब्रिज मोडमध्ये (स्वतः राऊटरचे काम न करता जोडणी नुसती पुढे देण्याच्या अवस्थेत) टाकला नाही तर पत्त्यांचे भाषांतर दोनदा होते आणि बाहेरून आत येणाऱ्या जोडण्या अडतात. नव्या डब्याला बाहेरचा पत्ताच मिळत नसेल, तर मोडेमने जुन्या राऊटरचा मॅक पत्ता (नेटवर्क पोर्टचा स्वतःचा ओळख-क्रमांक) धरून ठेवलेला असतो. मोडेम काही मिनिटे बंद ठेवून पाहावा. पीपीपीओईवर एमटीयू (एका पाकिटाचा कमाल आकार, बाइटमध्ये) १४९२ ठेवावे. ते चुकले तर काही संकेतस्थळे उघडतात आणि काही नुसती फिरत राहतात. वाय-फायसाठी आतले कार्ड वापरू नये. जुन्या राऊटरचे डीएचसीपी (उपकरणांना आपोआप पत्ते वाटण्याचे काम) बंद करून त्याच्या लॅन पोर्टला तार जोडली की तोच अ‍ॅक्सेस पॉइंट होतो.

वेग मोजताना आयपर्फ३ हा वेगमापक प्रोग्राम राऊटरवरच चालवण्याची चूक पुष्कळ जण करतात. त्याने पाकिटे पुढे पाठवण्याची ताकद कळत नाही. एक संगणक आतल्या बाजूला व एक बाहेरच्या बाजूला ठेवून मोजावे. गिगाबिटवर ९४० मेगाबिटच्या आसपास आकडा आला की डबा पुरेसा आहे.

सेटिंगची एक्सएमएल फाइल दुसरीकडे जपून ठेवावी. ती वेगळ्या डब्यावर उतरवताना पोर्टची नावे बदलतात, आय३५० चे आयजीबी० असेल तिथे रिअलटेकचे आरई० येते. फाइलमध्ये ती आधी बदलून घेतली नाहीत तर प्रणाली सुरू होताना पोर्ट पुन्हा नेमायला सांगते आणि त्यासाठी पडदा व कीबोर्ड शोधावा लागतो.