लाकडाचा दगड लाखाला जातो का?

'लाकडासारखा दगड सापडला तर जपून ठेवा, लाखोंना जातो,' हा मेसेज साताऱ्यातल्या ग्रुपवर वर्षानुवर्षं फिरतोय. विहिरीचं काम निघालं की रेषारेषांचा एखादा दगड वर येतोच, त्यामुळे आशा वाटणं साहजिक आहे.

अश्मीभूत लाकूड खरंच असतं. गाडल्या गेलेल्या खोडात सिलिका विरघळलेलं पाणी मुरतं आणि पेशींच्या जागी गारगोटीच्याच जातीचं खनिज बसतं. गडचिरोलीत सिरोंच्याकडे अशी खोडं मिळाली आहेत. आपल्याकडचा काळा पाषाण मात्र लाव्हारसाचा. त्यातले पांढरे तंतू बहुधा पोकळीत वाढलेल्या खनिजांचे असतात.

घरीच बघा. दगड ओला करून भिंगाखाली धरा. वाढीची वर्तुळं, बारीक नळ्यांसारखी छिद्रं दिसतात का? मग चाकूचं टोक ओढा. सिलिका झालेल्या लाकडावर ओरखडा उठत नाही. उलट पोलादाचीच करडी रेघ उमटते आणि बोटाने पुसली जाते.

खरं निघालं तरी भाव रंग, भेगा आणि पॉलिशवर ठरतो. त्याचे मणी, पेपरवेट, टेबलाचे टॉप होतात. साध्या तुकड्याला लाख मिळत नाहीत. मला त्याचं खरं मोल वाटतं ते झाड कोणतं आणि कोणत्या थरातलं, हे कळण्यात. म्हणून हलवण्याआधी जागेवरच फोटो काढा आणि जवळच्या कॉलेजातल्या भूगर्भशास्त्राच्या प्राध्यापकांना दाखवा.